मागच्या खोलीपर्यंत वायर

६ तारीख, गुरुवार

माफ कर, लिहायला फार उशीर झाला. ही वही सूनबाईने केव्हाच आणून दिली होती. मी ती रागाने कपाटावर फेकली. आज खाली काढली, तीही रागानेच.

राग कसला ते सांगतो. झटक्यात गेलेली तुझी वाचा परत यावी म्हणून फोनवर चेहरा दाखवून शिकवतात त्या बाई, ज्यांना मी बोलबाई म्हणतो, त्या मला म्हणाल्या, "काका, तुमचं सगळं बोलून होईपर्यंत तास संपतो. काकूंची पाळीच येत नाही. तुम्हाला जे बोलायचं ते वहीत लिहून ठेवत जा." हे माझ्या तोंडावर! जन्मभर नळकाम केलं, मोठमोठ्या इमारतींच्या मालकांना सुनावलं, पण तोंड बंद ठेवा असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तू म्हणायचीस, पण तुझी गोष्ट वेगळी.

मी सातवी शिकलेला माणूस. पाना धरायची सवय, पेन धरलं की बोटं आखडतात. तुला अजून अक्षरं लागत नाहीत असं डॉक्टर म्हणतात. लागतील तेव्हा वाच.

आज तास बैठकीच्या खोलीत झाला. तुझी खुर्ची मुलाने एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरून मधल्या दोन पायऱ्या चढवल्या. बोलबाईंनी कंगवा दाखवला. तू खूप वेळ ओठ हलवलेस आणि म्हणालीस, "चमचा." तेवढ्यात शेजारीण दारात उभी. तिचं काय काम होतं देव जाणे. "अगं बाई, चमच्याने केस विंचरणार का आता?" म्हणून हसली. मी तिला असं झापलं की ती चप्पल घालायची विसरली. पण तू तोंड मिटलंस ते मिटलंसच. परत मागच्या खोलीत नेल्यावर डाव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरलीस. मला कळलं. आता तू त्या खोलीतून बाहेर यायची नाहीस.

आणि मागच्या खोलीत नेट येत नाही. म्हणजे तास नाही.

८ तारीख, शनिवार

मुलाला सांगितलं, मागच्या खोलीत नेट पोचव. तो म्हणाला, "रविवारी बघतो, बाबा."

"कुठल्या रविवारी? सालाचा आकडा पण सांग."

"बाबा, ऑफिसचं डोक्यावर आहे. बघतो म्हटलं ना."

तो बघणार नाही. तुझ्या खोलीच्या दारातूनच विचारतो, "आई, बरी आहेस ना?" आणि तू तोंड उघडायच्या आत जिन्यावर पोचलेला असतो. आत ये, बस, तिचा हात धर, तर नाही. एवढी कसली घाई? परवा जिन्यावर नाक ओढत होता. सर्दी झाली असेल तर औषध घ्यावं. इतका आळशी मुलगा माझ्या पोटी कसा आला?

बोलबाईंचाही फोन आला. म्हणाल्या, "काका, हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. आताच जेवढं परत येईल तेवढं येईल. आणि माझ्याकडे रांग लागली आहे. काकूंचे तास असेच चुकत राहिले तर मला ही वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल." मी म्हटलं, द्या की, खुशाल द्या. फोन ठेवला. परत फोन करून सांगितलं, देऊ नका.

११ तारीख, मंगळवार

रविवार आला तसा गेला. मीच माळ्यावर चढलो. नेटची कंपनी बदलली तेव्हाचा जुना राउटर तिथे धूळ खात पडला होता. पुसला, वीज दिली, दिवे लागले. म्हणजे जिवंत आहे.

मग वायर आणायला गेलो. दुकानदार पोरसवदा, कानात बोंडं घातलेली. त्याला म्हटलं, एका राउटरपासून दुसऱ्या राउटरपर्यंत न्यायची वायर दे. तो म्हणतो, "काका, नुसती वायर जोडून चालत नाही. आतली सेटिंग बदलावी लागते."

"वायर तुझी, अक्कल माझी. वायर दे."

नेट काय आणि पाणी काय, रस्त्यावरून घरात येतं, एका टाकीत पडतं, तिथून पाइपाने पुढे जातं. पहिला राउटर म्हणजे गच्चीवरची टाकी. दुसरा म्हणजे मागच्या खोलीतली. मध्ये पाइप टाकला की झालं. यात शिकण्यासारखं काय आहे?

दुपारभर वायर ओढली. बैठकीपासून पॅसेजमधून, मोरीच्या भिंतीला धरून, तुझ्या खिडकीशी. हातभर अंतरावर एकेक क्लिप. कोपऱ्यात वायर मोडू नये म्हणून गोलाई दिली. असं काम आज कुणी करून दाखवावं! वायरीचं एक टोक पहिल्या राउटरच्या पिवळ्या भोकात, दुसरं दुसऱ्याच्या पिवळ्या भोकात. फोन घेऊन तुझ्याजवळ आलो, आणि नेट आलं! तुला दाखवलं. तू डाव्या हाताने माझ्या डोक्यावरची जळमटं काढलीस. मी तुला विचारलं, "कसं आहे काम? छान आहे ना? म्हण छान. छा... म्हण. छान!" तू भिंतीकडे तोंड केलंस. दमली असशील.

१३ तारीख, गुरुवार

नेट येतं आणि जातं. येतं आणि जातं. तास सुरू झाला, बोलबाईंचा चेहरा दिसला, तोंड उघडं ठेवून तशाच थिजल्या. मग गायब. मग परत आल्या तेव्हा म्हणत होत्या, "...काका, काकूंना बोलू द्या, तुम्ही सांगू नका." तेवढं बरं ऐकू येतं!

यांची पद्धत मला पटत नाही. किल्लीचं चित्र दाखवतात आणि नुसत्या बसून राहतात. तू डोळे ताणतेस, गळ्याच्या शिरा फुगतात, घाम येतो, आणि मी नुसतं बघत बसू? माणूस बुडत असेल तर हात द्यायचा नाही? मी म्हटलं, "किल्ली." बोलबाई म्हणाल्या, "काका, तो शब्द त्यांच्या ओठावर आला होता." आला होता तर मग दिसला का नाही?

वर सूनबाईचंही नेट येत-जात आहे म्हणे. म्हणजे प्रेशर कमी आहे. वर दोघं दिवसभर खेचतात आणि खाली थेंब. हे मी शंभर इमारतींत पाहिलंय.

सूनबाई खाली येऊन म्हणाली, "बाबा, उद्या अकराला माझी मुलाखत आहे, कॉम्प्युटरवर. घरून करायची नोकरी आहे, आईंकडेही बघता येईल. त्या वेळात नेटला हात लावू नका हं."

"मी कशाला हात लावू? तुम्हीच तिकडे नळ सोडून बसता."

तिने कंगवा घेतला. तुझे केस विंचरून गेली. विंचरता विंचरता तुला काहीतरी विचारत होती आणि नुसती थांबून राहत होती. एवढ्या गप्प बायका या घरात मी कधी पाहिल्या नाहीत.

१४ तारीख, शुक्रवार, दुपार

प्रेशर कमी असलं की काय करतात? जोडपाइप टाकतात. एका पाइपाला दुसरा. वायरीचं उरलेलं भेंडोळं होतंच. सकाळीच दुसरी वायर पहिलीच्या शेजारून ओढली आणि दोन्ही टोकं दोन्ही राउटरच्या उरलेल्या पिवळ्या भोकांत खोचली. खोचल्याबरोबर काय सांगू तुला, दोन्हीकडचे दिवे असे लुकलुकायला लागले की बघतच राहावं. आधी मधूनमधून मिचकायचे, आता श्वास घ्यायला फुरसत नाही. भरून वाहतंय नुसतं! तुला म्हटलं, आता तुझी बोलबाई थिजणार नाही.

आणि नेट पार गेलं. खाली नाही, वर नाही, बैठकीत नाही, कुठेच नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं काम केलं आणि नेमकी आजच कंपनीची लाईन बंद! कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड मुलगी.

"सर, तुमची लाईन आमच्याकडून चालू दिसतेय. राउटर एकदा बंद करून चालू करता का?"

"दिवे बघ म्हणावं किती नाचतायत! आमच्याकडे सगळं ठणठणीत आहे. तुमच्याकडेच गळती आहे."

"सर, दिवे खूप जोरात लुकलुकतायत का?"

"जोरात म्हणजे? जत्रा भरलीय!"

"सर, तुम्ही दुसरं काही उपकरण जोडलंय का?"

"माझ्या घरात मी काय जोडलंय याच्याशी तुम्हाला काय करायचंय? पैसे घेताना विचारता का?" आणि फोन आपटला.

वर सूनबाई धावपळ करत होती. जिन्यावरून खाली, अंगणात, परत वर. रेंज शोधत फोन हातात उंच धरून, चावी हरवल्यासारखी. मुलगा ऑफिसात. मी तिला ओरडून सांगितलं, "कंपनीच चोर आहे, मी घेतोय त्यांची हजेरी!" तिने माझ्याकडे पाहिलं नाही. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

तू आतून पलंगाची कड वाजवत होतीस. ठक, ठक, ठक. मी येऊन विचारलं, पाणी? गोळी? बाथरूम? पंखा लावू? तू खिडकीशी आलेल्या दोन्ही वायरींकडे डावा हात केलास. मी म्हटलं, हो ग, त्याचंच चाललंय. तू उशी फेकलीस. माझ्यावर नेम धरला नसशील.

१५ तारीख, शनिवार

काल लिहिल्यानंतर जे झालं ते लिहायचं नव्हतं. पण लिहितो, कारण माझ्या पोटात राहत नाही.

सूनबाई संध्याकाळी खाली आली. तिने कंपनीच्या माणसाशी नीट बोलून घेतलं होतं. वायरीवर बोट ठेवत बैठकीपासून तुझ्या खिडकीपर्यंत आली. एक वायर उपसून काढली. दिवे एकदम शांत झाले. बैठकीत नेट आलं.

"बाबा, या टाकीतून त्या टाकीत एक पाइप, आणि त्या टाकीतून परत या टाकीत दुसरा. मध्ये पंप चालू. काय होईल?"

मी म्हटलं, "पाणी गोल फिरत बसेल."

"आणि नळाला?"

मी उपसलेल्या वायरीचं भेंडोळं करायला लागलो. तू हसलीस! उजव्या बाजूचे ओठ वर गेले नाहीत, पण हसलीस. माझ्या फजितीवर बरं हसू फुटतं तुला.

मग तिने सांगितलं की एकच वायर होती तेव्हाही गडबड होतीच. राउटर प्रत्येक फोनला एक नंबर देतो, दवाखान्यात देतात तसा. नंबर देणारा एकच पाहिजे. आमच्या घरात दोघंही देत होते. ज्याला दुसऱ्याकडून नंबर मिळाला तो नुसताच रांगेत उभा, कारण दुसऱ्याच्या मागे डॉक्टरच नाही. "आता या मागच्याचं नंबर देणं मी बंद केलंय," ती म्हणाली. "तो फक्त इकडचं तिकडे पोचवेल. स्वतःचं काही सांगणार नाही."

"मग त्याचा उपयोग काय?"

"तोच उपयोग, बाबा."

मी विचारलं, "मुलाखतीचं काय झालं?"

"वेळेवर आला नाहीत, असं उत्तर आलं. जागा भरली."

"मी त्यांच्याशी बोलतो. नंबर दे."

"नको!" ती पहिल्यांदाच ओरडली. "कृपा करा, तुम्ही कुणाशीही बोलू नका!"

आणि तुझी चादर सरळ करून वर गेली. नेट तेव्हापासून चालू आहे. मला त्याच्याकडे बघवत नाही.

१६ तारीख, रविवार

माफी मागायला वर निघालो. अर्ध्या जिन्यात मुलगा भेटला. त्याला म्हटलं, "तू त्या रविवारी केलं असतंस तर हे झालं असतं का?" माझ्या तोंडून आधी तेच निघालं. तो म्हणाला, "खरंय." भांडला असता तर बरं वाटलं असतं. मग तो पायरीवरच बसला आणि म्हणाला, "बाबा, आई माझं नाव घ्यायला जाते आणि दुसरंच काहीतरी बोलते. मला बघवत नाही हो."

मी म्हटलं, "मग मला बघवतं का?" आणि खाली आलो. माफी राहूनच गेली.

दुपारी परत चढलो. सूनबाई कपडे घडी करत होती. मी दारातून म्हटलं, "चूक माझी होती." ती म्हणाली, "हो." एवढंच. राग येण्यासारखं उत्तर आहे. पण तिच्या हातातलं चादरीचं एक टोक धरलं. घडी झाली. मी आलो.

१८ तारीख, मंगळवार

तास मागच्या खोलीत झाला. नेट एकदाही गेलं नाही. आणि मला हाकलून दिलं!

बोलबाई म्हणाल्या, "काका, आज तुम्ही बाहेर बसा." मी तुझ्याकडे पाहिलं, की तू तरी नको म्हणशील. तू डाव्या हाताने दाराकडे बोट केलंस. माझ्याच घरातून, माझ्याच वायरीवरून, मलाच बाहेर! मी सूनबाईला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, "बाबा, दार लावून घ्या."

तासानंतर बोलबाईंनी गृहपाठ सांगितला. तुझ्या फोनवर एक मोठं बटण करून ठेवलंय. ते दाबून धरायचं, बोलायचं, सोडलं की आवाज माझ्या फोनवर येणार. रोज एक निरोप, कुठलाही. आणि मी खोलीत असायचं नाही. एकाच घरात राहून मी बैठकीत आणि तू मागे, आणि फोनवरून निरोप! लोक हसतील. हसू देत.

१९ तारीख, बुधवार

तुझा पहिला निरोप आला. ऐकला आणि डोकं सणकलं.

आधी खुर्चीची करकर. मग तुझा श्वास. ओळखला मी, इतक्या वर्षांत श्वास ओळखता येतोच. मग तू म्हणालीस, "ते..." आणि थांबलीस. परत, "ते..." मी फोन कानाशी घट्ट धरला. आणि मध्येच कुणीतरी गडी मोठ्याने बोलायला लागला. "तेल? तेल का? तेल हवंय? डोक्याला? अगं बोल ना!" मग तुझा एक लांब सुस्कारा, आणि संपलं.

मी धावत सूनबाईकडे गेलो. "बघ तुझं नेट! कुणाची तरी लाईन आपल्यात घुसलीय. कोण हा आगाऊ माणूस? बाई बोलतेय ते दिसत नाही का त्याला?"

तिने ऐकलं. फोन माझ्या हातात परत दिला. "बाबा, अजून एकदा ऐका." आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मी अजून एकदा ऐकलं. मग अजून एकदा. मी बैठकीत बसायचं ठरलं होतं, पण सकाळी मी पॅसेजमध्ये उभा होतो, तुझ्या दाराला कान लावून. फक्त उभा होतो. मला वाटत होतं की मी फक्त उभा होतो.

तो आवाज किती कर्कश आहे ग. आणि किती घाईचा. ते "ते" कशाचं होतं, मला खरंच माहीत नाही. तेल नव्हतं एवढं तुझ्या सुस्काऱ्यावरून कळतं. त्या माणसाला धरून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं.

किती दिवस ऐकतेस तू हे?

२० तारीख, गुरुवार

सकाळ गेली. निरोप नाही. मुलाने आज सुट्टी काढली आहे. सकाळी तुझ्या खोलीत गेला, बसला, बऱ्याच वेळाने बाहेर आला. डोळे लाल होते. म्हणाला, "आईने मला 'दादा' म्हटलं. माझं नाव नव्हे, पण मला म्हटलं." तुझ्या भावाला दादा म्हणायचीस तू. मी हे त्याला सांगणार होतो. नाही सांगितलं. जीभ चावून धरली, अजून दुखतेय.

आता तुझ्या खोलीत कुणी नाही. मी पॅसेजमध्ये नाही. बैठकीतही नाही, कारण तिथून खोकला ऐकू जातो. मी बाहेर आलोय, फाटकाजवळच्या ओट्यावर, आणि दार माझ्या मागे लावून घेतलंय. नेट इथपर्यंत जेमतेम येतं. फोन मांडीवर आहे, वही फोनवर. लिहायला थांबलो की फोनकडे बघतो. रागही येतोय, खोटं कशाला सांगू. तुझा, बोलबाईंचा, त्या जुन्या डब्याचा, आणि जास्त कुणाचा ते तुला ठाऊक आहे.

घाई करू नकोस. नाही, कर. मला वाट बघता येत नाही, तुला माहीत आहे. कंगव्याला चमचा म्हण, मला दादा म्हण, काय वाटेल ते म्हण. पुढचा शब्द मी सांगणार नाही. शिवी द्यायची असेल तर चांगली सणसणीत दे, पूर्ण ऐकून घेईन. फक्त बटण दाब आणि लवकर पाठव.